कमानीला पाणी

जिल्हा नवा होता, दुष्काळ जुनाच होता, आणि माझ्या दुकानाच्या फळ्या या दोघांपेक्षाही म्हाताऱ्या होत्या. त्या फळ्या काढून तिथं एक लोखंडी शटर बसवावं, एवढीच माझी इच्छा होती. हवेली बांधायला निघालेल्या माणसाचं हसं झालं तर निदान ते हवेलीएवढं होतं. माझं हसं एका शटरवरून झालं, आणि ते मोघाळीपासून लातूरपर्यंत पुरलं.

मोघाळी म्हणजे उदगीरहून देगलूरकडं जाताना लागतं ते गाव, नावापुरती नगरपालिका असलेलं. एसटी तिथं चहाला थांबत नाही, म्हशींना वाट द्यायला थांबते. गावात बघण्यासारखं काय आहे असं कुणी पाव्हण्यानं विचारलं तर आम्ही बिनदिक्कत सांगायचो, काही नाही. आणि हे सांगताना आम्ही उभे असायचो जुन्या पेठेत, वेशीपासून महादेवाच्या देवळापर्यंत दोन्ही हातांना पसरलेल्या दगडी कमानींच्या मध्ये. प्रत्येक कमानीच्या आत एक ओसरी, ओसरीच्या आत एक दुकान. वर सागवानी तुळया, तुळयांच्या तोंडाशी कोरलेली केळफुलं. बाहेर डांबर पाघळत असलं तरी कमानीखाली पाऊल टाकलं की कुणीतरी ओला हात पाठीवरून फिरवल्यासारखं वाटायचं. पण रोज ज्या सावलीत बसायचं तिचं कौतुक कोण करत बसतं? मी वह्या-पुस्तकं विकत होतो. माझं लक्ष फळ्यांकडं होतं.

त्या फळ्यांना आजोबांनी उर्दू आकडे कोरले होते. रोज सकाळी त्या आकड्यांच्या क्रमानं काढायच्या, दिवेलागणीला त्याच क्रमानं लावायच्या. एक जरी मागंपुढं झाली तर शेवटची फळी बसत नाही, हातात राहते, आणि ती घेऊन आपण रस्त्यात उभे. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत पोरं वह्यांसाठी ओळीनं उभी आणि मालक फळ्यांशी कुस्ती खेळतोय, हे दृश्य पेठेनं वर्षानुवर्षं फुकट बघितलं.

लातूर जिल्हा झाला आणि पेठेच्या डोक्यात वारं गेलं. समोरच्या किराणा दुकानाचे सिद्रामप्पा साडूकडं लातूरला जाऊन आले आणि आठवडाभर एकच गोष्ट सांगत राहिले. साडूच्या दुकानाला शटर आहे. एका हातानं ओढलं की खर्रर्र करून वर. पुन्हा ओढलं की खर्रर्र करून खाली. तो आवाज ते तोंडानं करून दाखवायचे, आणि गिऱ्हाइकं डाळ मोजून घ्यायचं विसरायची. शेवटी मला बोलावून म्हणाले, "शिवमूर्ती, आपण आता जिल्ह्याचे लोक. फळ्या शोभतात का आपल्याला?"

आपल्याला म्हणाले, पण शटर मीच बसवावं असा त्यांचा रोख होता. म्हणजे बिघडलं तर माझं.

मी विचार केला आणि विचारात थोडी हुशारी घातली, तिथंच चुकलं. शटर आतल्या दुकानाला न बसवता बाहेरच्या कमानीलाच बसवलं तर ओसरीसुद्धा दुकानात येणार होती. नाहीतरी त्या ओसरीचा मला उपयोग नव्हता. सोमवारच्या बाजाराला आजूबाजूच्या वाड्यांवरच्या बाया माल मांडून तिथं बसायच्या. माझ्या कमानीखाली नागुबाई नावाची एक बाई चिंच घेऊन बसायची. ती कधीपासून बसते हे मला माहीत नव्हतं. वडील गादीवर होते तेव्हाही होती. तिच्या पाटीला अडखळूनच मी माझ्या दुकानात शिरायचो. शटर बसलं की तोही अडथळा जाणार होता.

माझी बायको नीलाबाई एवढंच म्हणाली, "बसवा. पण आधी कमानीला विचारा." मी हसलो.

उदगीरचा फिटर शटर घेऊन आला, ते ओसरीत उतरवलं, शिडी लावली, छिन्नी लावली. दोन-चार घाव बसले असतील, तोच कमानीच्या माथ्याचा परातीएवढा गिलावा सुटून सिद्रामप्पांच्या खांद्याशेजारी आदळला. ते सल्ला द्यायला जवळ आले होते. धुरळा बसल्यावर आम्ही वर बघितलं. निळ्या, पिवळ्या, गुलाबी रंगांचे इतक्या दिवाळ्यांचे थर निघून गेले होते आणि त्यांच्याखाली एक राघू बसला होता. चुन्यातच घडवलेला, मान किंचित वाकडी, चोचीत डाळिंबाचा दाणा. आणि गुळगुळीत कसा, तर सोललेल्या... आम्ही लिंगायत, ती उपमा मी देणार नाही. पण तसाच.

राघूच्या शेपटीपासून मधल्या दगडापर्यंत एक भेग गेली होती. बोट आत जाईल एवढी. आम्ही बघत असतानाच मधला दगड जरासा खाली बसला, एखाद्या म्हाताऱ्यानं ओट्यावर बसावं तसा, सावकाश आणि कण्हत. फिटर शिडी तिथंच ठेवून उदगीरला गेला. तो मला पुन्हा दिसला नाही.

गवंडी रामकिशननं धावत येऊन कमानीखाली लाकडी टेकू दिले. शिमिटात बसवून वरून रंग मारून देतो, म्हणाला, कुणाच्या बापाला कळणार नाही. पण कळलं. पेठेच्या तोंडाशी पुरातत्त्व खात्याची एक निळी पाटी होती. हा भाग संरक्षित आहे, इथल्या दगडालाही परवानगीशिवाय हात लावू नये, लावल्यास शिक्षा होईल, असं तिच्यावर लिहिलेलं होतं. पाटीसमोर सिद्रामप्पांच्या गुळाच्या भेल्या रचलेल्या असल्यामुळं ती आजवर फक्त मुंगळ्यांनी वाचली होती. खात्याला कुणी कळवलं ते मला आजही माहीत नाही. सिद्रामप्पा म्हणतात, त्यांनी नाही. मी विचारलं नव्हतं.

नोटीस आली. काम थांबवा आणि परवानगी आणा. परवानगीसाठी मी लातूरला गेलो. तिथं सांगितलं, तुमचा तालुका आमच्याकडं आलाय, पण त्याचे कागद अजून उस्मानाबादहून यायचेत. उस्मानाबादला गेलो. तिथं सांगितलं, तुमचे कागद आम्ही बांधून पाठवले, आता आमचा-तुमचा काही संबंध नाही. हे ऐकून का कोण जाणे, लेक सासरी पाठवल्यासारखं वाईट वाटलं. पुन्हा लातूर. खात्याचं हापीस इतकं नवं होतं की भिंतींना रंगाचा वास होता आणि खुर्च्या यायच्या होत्या. कारकून एका मोठ्या गाठोड्यावर बसून काम करत होते. मी उभ्याउभ्या कहाणी सांगितली. त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली. ते जेवायला उठले तेव्हा मला गाठोड्यावरची चिठ्ठी दिसली. मोघाळी. आमची सगळी पेठ वेशीसकट त्यांच्या बुडाखाली होती.

गाठोडं सुटलं आणि पाहणीला साहेब येणार असं ठरलं. मी धुतलेलं धोतर आणि पटका बांधून जीपची वाट बघत रस्त्यावर उभा राहिलो. जीप आली नाही. एसटीतून एक तरुण बाई उतरल्या, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी फूटपट्टी. मी त्यांना शाळेच्या नव्या बाई समजलो आणि डझनाच्या भावात वह्या देतो म्हणालो. त्यांनी वही घेतली, पैसे दिले, तिच्यात माझं नाव लिहिलं आणि विचारलं, शटर बसवणारे तुम्हीच का? त्यांचं नाव पंचशीला सोनकांबळे. साहेब म्हणजे त्याच.

पंचशीलाबाई शिडीवर चढल्या आणि राघूपाशी इतका वेळ थांबल्या की खाली जमलेल्या माणसांची तंबाखू खाऊन संपली. त्यांनी त्याला हात लावला नाही. नुसत्या बघत राहिल्या, आजारी माणसाजवळ बसतात तशा. मग वरूनच म्हणाल्या, "काका, हे कधी बघितलं होतं का?"

"आमचं दुकानच आहे की इथं. रोज बसतो."

"बसता. बघितलंय का?"

मी पटका नीट केला.

खाली आल्यावर त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. या कमानी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या आहेत. मधलीनं हात काढला की शेजारची कलंडते, तिच्या शेजारची तिच्यावर, आणि वेशीपर्यंत सगळी ओळ बसते. नगरपालिकेला पेठेचा रस्ता रुंद करायचाच आहे. कमान धोकादायक ठरली तर दोन्ही बाजूंची पेठ उतरवायला त्यांना बरंच निमित्त मिळेल. वरिष्ठांकडून त्यांनी मुदत आणली होती. कमान जशी होती तशीच, चुन्यात, पुन्हा बांधायची. बांधून झाल्यापासून एका महिन्यानं मुख्याधिकाऱ्यांसमोर टेकू काढायचे. उभी राहिली तर पेठ राहिली. नाहीतर पेठ गेली.

"आणि काका, एक सांगते," त्या एसटीत चढताना म्हणाल्या, "चुन्याला पाणी मारत राहायचं. महिनाभर वाळू द्यायचं नाही."

पाणी. त्या साली मोघाळीला आठवड्यातून एकदा टँकर यायचा. तोही रुसलेल्या जावयासारखा, दहा निरोप धाडल्यावर.

पण त्याआधी चुना. रामकिशनला शिमिट येत होतं, चुना येत नव्हता. पेठेतही कुणाला येत नव्हता, आणि म्हणूनच प्रत्येकाला त्याबद्दल पक्कं मत होतं. सिद्रामप्पा म्हणाले, चुन्यात गूळ घालायचा असतो, आणि गूळ त्यांच्याकडंच चांगला मिळतो. भांड्यांच्या दुकानातले पंचाक्षरी म्हणाले, गूळ नव्हे, बेलफळ. शिवाची पेठ आहे, बेलाशिवाय कशी धरेल? रामकिशनला त्याच्या चुलत्याकडून ऐकलेलं आठवलं, अंड्याचा पांढरा बलक घालतात. सिद्रामप्पांनी डोळे मिटले. पंचाक्षरी म्हणाले, पंचाण्णव टक्के लिंगायत पेठेच्या कमानीत अंडं घातलं तर ती पडणार नाही, पण आम्ही पडू. शेवटी उडदाच्या डाळीवर तडजोड झाली. पंचशीलाबाईंना चिठ्ठी लिहून विचारलं. त्यांचं उत्तर आलं, गूळ, बेल, हिरडा, उडीद, सगळं चालेल, पण आधी चुना नीट मळा.

मळायला घाणी लागते. जमिनीत दगडी गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक, चाकाला बैल. गावाबाहेर जुनी घाणी होती. चरात बाभळी उगवल्या होत्या, त्या काढल्या. चाक शाबूत होतं. बैल मात्र नव्हते. सगळी जनावरं छावणीला गेलेली. पेठेतले बाप्ये एकमेकांकडं बघू लागले आणि बघता बघता सगळ्यांच्या नजरा माझ्यावर येऊन थांबल्या. शटर माझं होतं ना. मी जोखडाला हात घातला. एकट्याला चाक हलेना. मग पेठेनं सिद्रामप्पांकडं बघितलं, कारण शटरची बातमी लातूरहून त्यांनी आणली होती.

पन्नाशी उलटलेले, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले, गावात ज्यांना सगळे वाकून शरणू शरणार्थ म्हणतात असे दोन गृहस्थ दगडाच्या चाकाला जुंपून गोल फिरताहेत, हे बघायला देगलूरची एसटी पहिल्यांदाच मोघाळीत आपणहून थांबली. कंडक्टरनं खिडकीतून विचारलं, कोणत्या नवसाचं आहे हे? घाणीच्या कडेला चतुराबाई बसली होती. पेठेमागच्या गल्लीतली म्हातारी, जात्यावर तिच्या ओव्या ऐकून शेजारणींचं दळण संपायचं. चाक फिरतंय आणि कुणी गात नाही, हे तिला सोसवेना. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि सूर लावला:

दुष्काळाच्या सालाला बैल गेले छावणीला
दोन अप्पा जुंपले बाई चुन्याच्या घाणीला

सगळा माळ हसला. सिद्रामप्पा म्हणाले, "चतुराक्का, नाव घेऊ नको म्हणजे झालं." तिनं पुढच्या ओवीत दोघांचीही नावं घेतली.

पण खरं सांगतो, त्या सुरावर पाय आपोआप उचलत होते. खडबडीत पांढरं वाळवंट हळूहळू लोण्यासारखं होत गेलं. रामकिशननं चिमूटभर घेऊन अंगठ्यावर चोळलं आणि पहिल्यांदाच त्याचं तोंड गंभीर झालं. या लोण्यावर पेठ उभी आहे, मी मनाशी म्हणालो. कुणीतरी असंच गोल गोल चाललं असेल, कुणीतरी कडेला बसून गात असेल, आणि ते गाणंसुद्धा या भिंतींत कुठंतरी मुरलं असेल.

कमान बांधून झाली. मधला दगड जागेवर गेला, राघूच्या शेपटीपर्यंत चुना भरला, खाली टेकू तसेच ठेवले. आणि पाण्याचा प्रश्न दारात येऊन बसला.

घरातलं पाणी कमानीला जाऊ लागलं. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं. साबणाचं चालत नव्हतं, म्हणून मी आंघोळीचा साबण सोडला. मग पाणी वाचावं म्हणून आंघोळच अंग पुसण्यावर आणली. नीलाबाई ओल्या पोत्याचा तुकडा हातात देत म्हणायची, "कमानीची आंघोळ झाली असंल तर उरलेलं मला भांड्याला द्या." शाळेचे हेडमास्तर दुकानात आले, नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि खडूची पेटी न घेताच गेले. पेठेत माझी ओळख बदलली. वह्यांवाले शिवमूर्ती होतो, भिंतीला पाणी पाजणारा झालो. लोकांच्या पोरी पाण्यासाठी टँकरमागं धावत असताना मी दगडावर तांब्या ओततो, हे मलाही बोचत होतं. कुणी बघायच्या आत उरकावं म्हणून मी भल्या पहाटे उठू लागलो.

त्यातून पुढचं घडलं. सोमवार होता. मी इष्टलिंगाची पूजा आटोपून तसाच उघड्या अंगानं, कपाळभर विभूती, शिडीवर चढलो होतो. हातात तांब्याचा तांब्या. शिडी जुनी आणि हलकी असल्यामुळं प्रत्येक पायरीला ओम नमः शिवाय म्हणत होतो, भक्तीपेक्षा भीतीनं. बाजाराला लवकर निघालेल्या दोन-तीन बाया खाली थांबल्या. त्यांनी काय बघितलं ते लक्षात घ्या. आमच्याकडं पाऊस डोळे वटारतो तेव्हा महादेव कोंडतात. देवळाच्या गाभाऱ्यात पाण्याची वाट बुजवून पिंड बुडेपर्यंत घागरी ओततात, जीव घुसमटला की देव पाऊस धाडतो. त्या साली देवळाची विहीरच आटली होती, त्यामुळं महादेव कोरडा होता आणि गावाला त्याची चुटपुट लागली होती. आणि इथं एक अप्पा मंत्र म्हणत कमानीवर जलाभिषेक करत होता, जिथून थोड्याच दिवसांपूर्वी आपोआप राघू निघाला होता.

त्यातल्या एकीनं चपला काढल्या. आपल्या लोट्यातलं पाणी कमानीच्या पायाशी ओतलं, हात जोडले आणि निघून गेली. बाजार उठेपर्यंत सगळ्या वाड्यांवर बातमी गेली. पेठेत कमानीचा महादेव निघालाय.

दुसऱ्या सोमवारी ओळ लागली. कुणाच्या हातात लोटा, कुणाच्या हातात पितळी फुलपात्र. मी शिडीखाली उभा राहून प्रत्येकीला सांगत होतो, अहो हा देव नाही, हा चुना आहे. एक म्हातारी म्हणाली, "असू द्या की मालक. चुना तुमचा, देव आमचा." आणि माझ्याच हातात लोटा देऊन वर ओतायला लावला. सिद्रामप्पांनी गुळाच्या भेल्या मागं सारून नारळ पुढं मांडले. मागची निळी पाटी उघडी पडली, पण तिला कुंकू लागलं. कुणीतरी कमानीला तेल घालायला निघालं तेव्हा मी आडवा पडलो. शब्दशः पडलो, शिडी घसरली. पाय मुरगळला. तो नवस फळल्याची खूण आहे असं पंचाक्षरींनी जाहीर केलं.

एवढ्या गोंधळात कमान मात्र ओली राहिली. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. हात लावला की गार, चिंब, चुन्याचा तो पावसाळी वास. मी लंगडत वर बघायचो आणि मला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय याचं वाईट वाटायचं.

महिन्याच्या शेवटच्या आधीच्या सोमवारी नागुबाई आली. डोक्यावर चिंचेची पाटी, काखेत तोंडाला फडकं बांधलेली छोटी घागर. तिची वाडी माळाच्या पलीकडं होती; तिथं टँकरही जात नव्हता. ती झऱ्यातून वाटी वाटी भरून ते पाणी आणते, हे मला ठाऊक होतं. टेकूंमुळं तिची नेहमीची जागा अडलेली, म्हणून ती बाहेर उन्हात पाटी ठेवून माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं घागर पुढं केली.

मला ती घेववेना. बाकीच्यांना मी खरं सांगत होतो ते जरा हात झटकत, ऐकलं तर ऐका म्हणून. हिला मी ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. शटर, छिन्नी, भेग, चुना. देव नाही, नागुबाई. हे पाणी परत घेऊन जा.

ती मान वर करून कमानीकडं बघू लागली.

"मंग ह्यो देव न्हाई?"

"नाही."

"आन् पाणी न्हाई घातलं तर?"

"चुना धरणार नाही. कमान उतरवतील. सगळीच पेठ उतरवतील, रस्ता मोठा करतील."

तिनं टेकूंमागच्या आपल्या जागेकडं बघितलं. तिथली फरशी बसून बसून खोलगट झाली होती. "मंग आमी कुठं बसावं?"

या प्रश्नाचा विचार माझ्या मूळ शटरमध्ये कुठंच नव्हता, हे मला तेव्हाच, त्या ओट्यावर, मुरगळल्या पायासकट कळलं. ती उठली. घागर हातात घेऊन शिडीच्या खालच्या पायरीवर चढली, जेवढा हात पोचेल तेवढ्या उंचीवर धार धरली आणि शेवटचा थेंब निथळेपर्यंत थांबली.

"देव न्हाई तर न्हाई," खाली उतरून म्हणाली. "सावली तर हाय."

त्यानंतर जे पाणी आलं त्यातलं देवाला किती आणि सावलीला किती, मला सांगता येणार नाही. चिंचवाल्या, मिरचीवाल्या, मातीची मडकी घेऊन बसणाऱ्या बाया येत होत्या आणि लोटा ओतून एकमेकींकडं बघून हसत होत्या. चतुराबाईनं नवी ओवी बांधली होती, ती आता ओळीतल्या सगळ्यांनाच पाठ झाली:

कमानीचा राघू चोचीत डाळिंबदाणा
पेठ लागली तहानेला बाई लोटा भरून आणा

तपासणीचा दिवस सोमवारीच आला. पंचशीलाबाई पहिल्या एसटीनं उतरल्या आणि कमान बघून कपाळावर हात मारून घेतला. कुंकू, हळद, एक झेंडूची माळ, आणि राघूच्या पायाशी कुणीतरी ठेवलेला पेढा.

"काका, मुख्याधिकारी यायच्या आत हे पुसा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "देव आहे असं त्यांनी लिहिलं तर फाइल दुसऱ्या खात्यात जाईल. मग आपण दोघंही म्हातारे होऊ."

मी, नीलाबाई आणि सिद्रामप्पा, तिघांनी ओल्या फडक्यांनी देव पुसला. पेढा सिद्रामप्पांनी प्रसाद म्हणून खाल्ला, पुराव्याची विल्हेवाट लागली.

मुख्याधिकारी काळा चष्मा लावून आले. त्यांच्या मागं नगरपालिकेची माणसं, त्यांच्या खांद्यावर पहारी. त्या पहारी बघून पेठ दोन पावलं मागं सरकली. पंचशीलाबाईंनी बोटाच्या पेरानं चुन्यावर टकटक केलं. घंटेच्या कडेला नख लागावं तसा आवाज आला. रामकिशननं टेकू काढायला सुरुवात केली. एक निघाला. दुसरा निघाला. शेवटच्या टेकूपाशी तो थांबला आणि माझ्याकडं बघू लागला. मी पंचशीलाबाईंकडं बघितलं. त्या वहीत वेळ लिहून घेत होत्या. तीच, माझ्या दुकानातली. नीलाबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

रामकिशननं टेकूला घाव घातला.

कमान कण्हली. राघूच्या चोचीतून पांढरा धूर सुटल्यासारखी भुकटी निघाली आणि उन्हात तरंगत खाली आली. मधला दगड हलला असं मला वाटलं. मग काहीच झालं नाही. ते काहीच न होणं किती वेळ चाललं म्हणून सांगू. वेशीपासून देवळापर्यंत सगळ्या कमानी आपापल्या शेजारणीचा खांदा धरून उभ्या होत्या आणि आम्ही सगळे त्यांच्यासमोर उघडे पडल्यासारखे.

उभी राहिली. पण खाली कोण जाणार? मुख्याधिकारी म्हणाले, थोडा वेळ जाऊ द्या, बघू. पहारीवाली माणसं खाली बसली. आता पहिलं पाऊल टाकण्याचा मान माझा होता, हे उघड आहे. घाणीला जुंपलो होतो मी, शिडीवरून पडलो होतो मी, महिनाभर वास मारत होतो मी. मी पटका सारखा केला, घसा खाकरला. पाहुण्यांकडं बघून दोन शब्द बोलावेत, मग हात जोडून सावकाश आत शिरावं, असं मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. कमानीच्या तोंडाशी उभा राहून मी तोंड उघडलं.

"मालक, उजेडात उभं ऱ्हाऊ नगा," मागून आवाज आला. "गिऱ्हाइकाला चिंच दिसंना."

मी वळून बघितलं. नागुबाई कमानीखाली आपल्या खोलगट फरशीवर बसली होती. पाटी पुढं, तराजू मांडीवर, आणि पाय लांब केलेले. बाजाराचा दिवस होता. तिला उशीर झाला होता.

मी बाजूला झालो. काळा चष्मा काढत मुख्याधिकारीही बाजूला झाले. मिरचीवाली आत आली, मडकीवाली आत आली. एक गिऱ्हाईक वाकून चिंचेचा भाव करू लागलं. नागुबाईनं त्याला एक बोटूक चाखायला दिलं आणि मग, काय वाटलं कोण जाणे, दुसरं मुख्याधिकाऱ्यांपुढं धरलं. ते घ्यायला त्यांना कमानीखाली यावं लागलं. त्यांनी ते तोंडात टाकलं, चेहरा आंबट केला, वर राघूकडं बघितलं आणि तिथंच, माझ्या ओट्यावर कागद ठेवून सही केली.

शटर अजून आहे. फिटर ते परत न्यायला आला नाही आणि आम्हाला नेऊन टाकायला जमलं नाही. गुंडाळलेलं, ओसरीत भिंतीकडेला पडलेलं असतं. मी रोज सकाळी आजोबांच्या आकड्यांप्रमाणं फळ्या काढतो, दिवेलागणीला लावतो. अधूनमधून एखादी हातात राहते. सोमवारी नागुबाई त्या शटरला पाठ टेकून बसते. बरं आहे म्हणते. लोखंड असून इथं गार लागतं.